दोन विद्यापीठं, एक पदवी आणि खेळातली नोकरी : ग्वाल्हेरच्या मुलामुलींसाठी पायरीपायरीनं

ग्वाल्हेरच्या मराठी घरात खेळणाऱ्या मुलाचा विषय निघाला की सल्ले दोनच येतात. 'एलएनआयपीईत घाला, पीटी टीचर तरी होईल' हा एक. 'स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत लागेल' हा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे. झाशीच्या राणीच्या नावाचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज, म्हणजेच हे एलएनआयपीई, १९५७ साली आपल्या शहरात सुरू झालं, १९९५ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि लष्कर भागातल्या कुठल्याही गल्लीत विचारलंत तर कुणाचा तरी मामा किंवा कुणाची तरी आत्या तिथं शिकलेली निघते. पण या दोन सल्ल्यांच्या पलीकडे खेळात जो रोजगार उभा राहिला आहे, त्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

संघाबरोबर लॅपटॉप घेऊन बसणारा विश्लेषक, महासंघाच्या कार्यालयात करार वाचणारी वकील, धावपटूच्या मांडीचा स्नायू पुन्हा का ताणला हे शोधणारा बायोमेकॅनिक्सवाला, लीगची तिकिटं आणि प्रायोजक सांभाळणारी व्यवस्थापक, मराठीतून सामन्याचं वर्णन करणारा समालोचक. या प्रत्येकाला खेळ कळावा लागतो आणि जोडीला आणखी एक विद्या पक्की यावी लागते. दोन विद्यापीठांनी मिळून दिलेली किंवा एकाच वेळी दोन ठिकाणी शिकून मिळवलेली पदवी कामाला येते ती इथे. माझं मत आधीच सांगतो : पदवीपत्रावर दोन बोधचिन्हं असली म्हणून नोकरी मिळत नाही, जोडी नेमकी असली तर मिळते. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम उलटा आहे. नोकरीपासून सुरुवात, कॉलेज नंतर.

पायरी १ : आधी जाहिरात वाचा, मग कॉलेजचं माहितीपत्रक

भारतीय क्रीडा प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला साई म्हणतो, त्यांच्या संकेतस्थळावर भरतीच्या जाहिरातींचं पान आहे. जुन्या जाहिरातीही वाचायला मिळतात, आणि नेमक्या त्याच वाचायच्या. पदाचं नाव, वय, मानधन हे रकाने सोडा. 'अत्यावश्यक अर्हता' या रकान्यावर बोट ठेवा, मग 'इष्ट अर्हता', मग 'अनुभव'. अत्यावश्यक रकान्यात बसत नसाल तर पुढं कितीही पदकं असली तरी अर्ज छाननीतच बाद होतो.

हे वाचताना काही गोष्टी लगेच लक्षात येतात. प्रशिक्षकाच्या पदाला बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची पदवी, पुरत नाही, तिथं कोचिंगमधला डिप्लोमा मागतात. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून हेच काम करते आणि तिचा डिप्लोमा देशभर चालतो. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचं तर उलट, तिथं बी.पी.एड. लागतं आणि कोचिंगचा डिप्लोमा त्याची जागा घेत नाही. फिजिओथेरपिस्टला बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीचीच पदवी हवी. क्रीडाशास्त्राची कितीही चांगली पदवी घेतलीत तरी तिनं कुणी फिजिओ होत नाही, आणि या एका गैरसमजापायी मुलांची वर्षं जातात. उच्च कामगिरी विश्लेषक या नावाखाली साई जी माणसं घेते त्यांत शरीरक्रियाशास्त्र, बायोमेकॅनिक्स, मानसशास्त्र, पोषण, स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग (ताकद आणि तंदुरुस्तीचं प्रशिक्षण) अशा वेगवेगळ्या शाखा येतात आणि प्रत्येक शाखेची अर्हता वेगळी असते.

एका वहीत तीन पदांच्या अर्हता स्वतःच्या हातानं उतरवून काढा. फोनवर स्क्रीनशॉट काढले तर ते तिथंच राहतात. उतरवताना कळतं की एका पदासाठी आपल्याकडे काहीच नाही, दुसऱ्यासाठी निम्मं आहे आणि तिसऱ्यासाठी फक्त एक गोष्ट कमी आहे. ती कमी असलेली गोष्ट ज्या अभ्यासक्रमातून भरून निघेल, तोच तुमचा दुसरा अर्धा भाग.

पायरी २ : 'जॉइंट' म्हणजे नेमकं काय देतायत ते विचारा

बाजारात जॉइंट, ड्युअल, ट्विनिंग, इंटिग्रेटेड हे शब्द सरमिसळ करून वापरले जातात. नियमांत मात्र त्यांचे अर्थ वेगळे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये भारतीय आणि परदेशी संस्थांच्या सहकार्याचे नियम काढले, त्यांत पहिले तीन स्पष्ट केले आहेत.

संयुक्त (जॉइंट) पदवीत दोन्ही संस्था मिळून एक अभ्यासक्रम आखतात आणि शेवटी दोघांच्या नावाचं एकच पदवीपत्र देतात. एकूण क्रेडिटपैकी (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या कामाचं माप) निदान ३० टक्के प्रत्येक संस्थेतून मिळवावे लागतात. दुहेरी (ड्युअल) पदवीत एकाच विषयात, एकाच पातळीवर दोन्ही संस्था आपापलं वेगळं पदवीपत्र देतात. तिथं भारतीय संस्थेतून किमान ३० टक्के क्रेडिट हवेत. ट्विनिंगमध्ये पदवी फक्त भारतीय संस्थेची असते आणि परदेशी संस्थेत जास्तीत जास्त ३० टक्के क्रेडिट घेता येतात.

आकड्यांत बघू. तीन वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १६० ची. संयुक्त पदवी १६० ची असेल तर परदेशातल्या विद्यापीठात किमान ४८ क्रेडिट करावे लागणार. वर्षाला ४० या हिशेबानं ते एका वर्षापेक्षा थोडं जास्त होतं. म्हणजे एखादी संस्था 'एक महिन्याची परदेश भेट आणि संयुक्त पदवी' असं सांगत असेल तर हिशेब जुळतच नाही. युरोपातले क्रेडिट आणखी वेगळे. तिथं वर्षाला ६० असतात आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम धरतात, त्यामुळे आपले ४० आणि त्यांचे ६० यांची सरळ वजाबाकी करायला जाऊ नका.

चौथा प्रकार पूर्णपणे देशी आणि आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या आवाक्यातला. एप्रिल २०२२ पासून आयोगानं एकाच वेळी दोन पूर्ण पदव्या घ्यायला परवानगी दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात चालणाऱ्या असतील तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत; एक वर्गात आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन असंही चालतं. पीएच.डी.ला हे लागू नाही. इथं दोन विद्यापीठांचा आपसात काही करार नसतो, जोडी तुम्ही लावायची.

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या मैदानावर हॉकी खेळणाऱ्या एका मुलीच्या आईनं मला अगदी नेमकं विचारलं होतं, "अहो दादा, दोन डिग्र्या म्हणजे फीसुद्धा दोनदा का?" चौथ्या प्रकारात होय, दोनदा. संयुक्त पदवीत फी करारानुसार ठरते : कुठे एकच रक्कम, तर कुठे परदेशी सत्रांची फी तिकडच्या दरानं. प्रवेशाआधी सत्रवार फीचा तक्ता लेखी मागायचा, त्यात वसतिगृह, विमा, प्रवास आणि व्हिसा कुणाच्या खिशातून हे लिहिलेलं असायला हवं. तोंडी 'साधारण एवढंच' म्हणणाऱ्याला नम्रपणे ईमेल करायला सांगा.

पायरी ३ : कागद तपासा

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण इथं घसरलं की पुढं सावरता येत नाही.

एका खासगी संस्थेचं माहितीपत्रक माझ्या हाती आलं होतं. नाव सांगत नाही, तसली पत्रकं अनेक असतात. गुळगुळीत जाड कागद, वर एका परदेशी विद्यापीठाचं बोधचिन्ह, खाली स्टेडियमचा फोटो, मधे ठळक 'इंटरनॅशनल जॉइंट प्रोग्रॅम इन स्पोर्ट्स मॅनेजमेंट'. मागच्या पानावर तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं की यशस्वी विद्यार्थ्यांना 'सहभागाचं प्रमाणपत्र' मिळेल. संपूर्ण पत्रकात पदवी हा शब्द कुठेही नव्हता. संस्थेनं खोटं काही छापलं नव्हतं. वाचणाऱ्यानं काय समजावं याची सोय तेवढी केली होती.

तर विचारायचे प्रश्न असे. अंतिम पदवीपत्र कोणत्या विद्यापीठाचं? त्याचा नमुना बघायला मिळेल का? भारतीय संस्था आयोगाच्या अटीत बसते का, म्हणजे नॅक या मूल्यांकन संस्थेचा गुणांक निदान ३.०१, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात, किंवा प्रतिष्ठित संस्थेचा दर्जा? परदेशी संस्था टाइम्स हायर एज्युकेशन किंवा क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात आहे का? या दोन्ही अटी घरबसल्या पाच मिनिटांत तपासता येतात. परदेशी पदवीची शाखा उघडावी तशी फ्रँचाइजी आयोगाला मान्य नाही, आणि २०२२ च्या या नियमांत ऑनलाइन व दूरस्थ अभ्यासक्रम बसत नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगानं एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्या आणि काही कॉलेजांमार्फत मिळणाऱ्या, मान्यता नसलेल्या परदेशी पदव्यांविरुद्ध जाहीर इशाराही दिला होता.

'आमचा त्या विद्यापीठाशी एमओयू आहे' हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. सामंजस्य करार म्हणजे दोन संस्थांनी एकत्र काम करायची इच्छा कागदावर मांडणं. त्यातून शिक्षकांची देवाणघेवाण होते, परिषदा होतात, कधी संशोधनही होतं. तुमच्या गुणपत्रकावर मात्र त्याची एक ओळही येईलच असं नाही.

आता मान्यतेचा भाग. २०२२ च्या नियमांनुसार मिळालेल्या संयुक्त किंवा दुहेरी पदवीला भारतात वेगळ्या समकक्षतेची गरज पडत नाही. परदेशातल्या विद्यापीठाची पदवी स्वतंत्रपणे घेऊन आलात तर समकक्षता लागू शकते, विशेषतः सरकारी नोकरी किंवा नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेसाठी. त्याचे नवे नियम आयोगानं २०२५ मध्ये आणले आहेत. प्राध्यापक व्हायचं मनात असेल तर एका वर्षाच्या परदेशी मास्टर्सला जाण्याआधी हा मुद्दा लेखी सोडवून घ्या.

याशिवाय प्रत्येक व्यवसायाचा आपला वेगळा रखवालदार असतो. बी.पी.एड. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या अखत्यारीत येतं : २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षं, वर्षाला निदान २०० कामाचे दिवस, आठवड्याला ३६ तास. एवढ्यात दुसरी वर्गातली पदवी बसवणं कागदावरसुद्धा अवघड आहे. कायद्याचं तर आणखी कडक. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत एलएल.बी. करताना दुसरी नियमित पदवी घ्यायला मनाई आहे. त्याच संस्थेचा बी.ए. एलएल.बी.सारखा एकात्मिक अभ्यासक्रम आणि दूरस्थ केंद्राचा अभ्यासक्रम एवढे अपवाद. आयोगानं दोन पदव्यांना हो म्हटलं म्हणून वकिलीतही चालेल असं धरून चालणाऱ्याची सनद अडकू शकते.

पायरी ४ : ग्वाल्हेरमधून जमतील अशा जोड्या

सगळ्या जोड्या सारख्या नाहीत. माझ्या पसंतीच्या क्रमानं लिहितो.

शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाशास्त्र आणि डेटा. दिवसा मैदान आणि वर्ग, रात्री ऑनलाइन डेटा सायन्स. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बीएस पदवी २०२० पासून ऑनलाइन चालते. तिला जेईई लागत नाही. पात्रता टप्प्यातून प्रवेश मिळतो, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. मोठी सोय अशी की मधे थांबलात तरी हात रिकामे राहत नाहीत : फाउंडेशनचं प्रमाणपत्र, डिप्लोमा, तीन वर्षांची बीएससी, मग बीएस असे टप्पे आहेत. सकाळी साडेपाचला मैदानावर असणाऱ्या मुलाला हे झेपेल का? सगळ्यांना नाही. दहावीचं गणित ज्याला डोळ्यांसमोर आलं तरी घाम फुटतो त्यानं या वाटेला जाऊ नये. पण झेपणाऱ्याला ही जोडी फार पुढं नेते, कारण नुसता संगणकवाला हॉकीतला पेनल्टी कॉर्नर कधी आणि का फसला हे ओळखू शकत नाही, आणि नुसत्या खेळाडूला हजार पेनल्टी कॉर्नरांची मांडणी करता येत नाही.

आणखी एक, कॉलेज संपायच्या आतच कामाचा पुरावा तयार ठेवा. आपल्या विद्यापीठाच्या संघाचे सामने फोनवर चित्रित करा, दर सामन्यातल्या सर्कल एंट्री (चेंडू गोलसमोरच्या अर्धवर्तुळात किती वेळा शिरला) मोजा, चेंडू कुठल्या बाजूनं गेला ते तक्त्यात मांडा आणि प्रशिक्षकाला एका पानात द्या. एकच पान. पाच पानं दिलीत तर कोच वाचत नाहीत. वर्षभराची अशी पानं मुलाखतीत पदवीपेक्षा जास्त बोलतात.

कायदा आणि खेळ. पाच वर्षांची बी.ए. एलएल.बी. एकात्मिक पदवी, नंतर क्रीडा कायद्याकडे वळणारं संयुक्त मास्टर्स. भोपाळचं राष्ट्रीय विधी संस्था विद्यापीठ आपल्याच राज्यातलं. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर झाला. त्यानं राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली. महासंघांना नियमावल्या, निवडणुका, तक्रार निवारण हे सगळं चौकटीत बसवावं लागणार, आणि ते काम ओळखीपाळखीच्या मंडळींनी संध्याकाळी चहा पिता पिता होणारं नाही. त्यात उत्तेजकांबाबतचा २०२२ चा कायदा आहेच. ज्या वकिलाला मैदानावरचा पंच, निवड समिती आणि डोप चाचणीची बाटली प्रत्यक्ष बघून माहीत आहे, त्याला इथं काम आहे.

पत्रकारिता किंवा भाषा आणि खेळ. ही जोडी आपण मराठी ग्वाल्हेरकर हातची घालवतो. घरात मराठी, शाळेत हिंदी, पुस्तकात इंग्रजी असं तीन भाषांत वाढलेलं पोर ही आपल्याकडे साधी गोष्ट आहे, पण प्रसारणाच्या धंद्यात तिला किंमत आहे. आयपीएलचं मराठी समालोचन होतं, कबड्डी-खोखोचा प्रेक्षक मराठी आहे. एक अट : आपली मराठी हिंदीकडे झुकते, 'मी जाऊन राहिलो' वगैरे. घरात ती गोड लागते, माइकसमोर प्रमाण मराठी लागते. भोपाळला माखनलाल चतुर्वेदी पत्रकारिता विद्यापीठ आहे; तिथली पदवी आणि जोडीला क्रीडा व्यवस्थापनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम ही खर्चाला हलकी वाट.

व्यवस्थापन. बी.पी.एड. किंवा बी.कॉम. नंतर क्रीडा व्यवस्थापनाची एमबीए. पुण्यात सिम्बायोसिसचं क्रीडाशास्त्राचं स्कूल आहे, आयआयएम रोहतकही या विषयात शिकवतं. फी भरमसाट आहे की नाही हे प्लेसमेंटच्या यादीवरून ठरवा, आणि त्या यादीत 'खेळ' हा शब्द असलेल्या कंपन्या किती ते मोजा. बँकेत विमा विकायला लागलेलाही प्लेसमेंटमध्येच धरलेला असतो.

स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगसाठी पदवी हा केवळ पाया. वर अमेरिकन संघटनेची सीएससीएस किंवा तत्सम परीक्षा द्यावी लागते आणि ती द्यायलाही पदवी लागते. फुटबॉलमध्ये आशियाई महासंघाचे डी, सी, बी, ए असे परवाने, क्रिकेटमध्ये मंडळाचे लेव्हल. हे परवाने कोणत्याही विद्यापीठाच्या आत मिळत नाहीत, म्हणून सुट्टीचे महिने त्यांच्यासाठी राखून ठेवायचे.

पायरी ५ : परदेशी संयुक्त मास्टर्स

खेळातल्या संयुक्त अभ्यासक्रमाचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण म्हणजे फिफा मास्टर. २००० सालापासून चालू असलेला हा सुमारे दहा महिन्यांचा अभ्यासक्रम तीन विद्यापीठांत फिरतो. सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात खेळाचा इतिहास आणि समाज, मग इटलीत मिलानच्या बोकोनीत व्यवस्थापन, शेवटी स्वित्झर्लंडमध्ये न्यूशातेल विद्यापीठात क्रीडा कायदा. त्याची व्यवस्था न्यूशातेलचं सीआयईएस हे केंद्र बघतं. वर्ग जेमतेम तीसेक जणांचा, जगभरातून आलेला. मँचेस्टर युनायटेडकडून खेळलेला कोरियाचा पार्क जी-सुंगसुद्धा निवृत्तीनंतर इथं विद्यार्थी होता. इथं प्रवेश घेणारे बहुतेक जण आधी काही काम केलेले असतात, तेव्हा पदवी हातात पडताच अर्ज करण्यापेक्षा दोन-तीन वर्षं एखाद्या लीगमध्ये किंवा संघटनेत घासून मग जावं.

व्यावहारिक बाजू विसरली जाते ती व्हिशाची. तीन देशांत शिकायचं तर परवानेही तीन. ब्रिटन शेंगेन या सामाईक व्हिसाच्या युरोपीय गटात नाही. इटली आणि स्वित्झर्लंड त्या गटात असले तरी तीन महिन्यांहून जास्त राहायचं झालं की ज्याचा त्याचा परवाना लागतो. प्रत्येक वेळी बँकेची शिल्लक, राहण्याचा पत्ता, विमा दाखवावा लागतो. वडिलांच्या खात्यात आदल्या आठवड्यात अचानक जमा झालेले पैसे व्हिसा अधिकाऱ्याला दिसतात.

पैसा हाच अडसर असेल तर इरॅस्मस मुंडसकडे बघा. युरोपीय संघाच्या या योजनेत किमान तीन देशांतली विद्यापीठं मिळून मास्टर्स चालवतात. शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ आणि महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. खेळाच्या क्षेत्रातलं उदाहरण म्हणजे क्रीडा नीतिमत्तेचं मास्टर्स, जे लूव्हेन, स्वानसी, प्राग, माइन्झ, बार्सिलोना आणि ग्रीसचं पेलोपोनीज या विद्यापीठांनी मिळून उभारलं. कोणते अभ्यासक्रम यंदा विद्यार्थी घेतायत हे योजनेच्या यादीत दरवर्षी नव्यानं पाहावं लागतं. अर्ज बहुधा ऑक्टोबर ते जानेवारीत घेतात, म्हणजे आपल्याकडे दिवाळी ते संक्रांत. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा त्याआधीच उरकलेली हवी.

पायरी ६ : खेळाचे कागद जपा

अभ्यासाच्या नादात खेळाची प्रमाणपत्रं मागं पडतात. केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यात प्रमाणपत्रांचे ठरलेले नमुने आहेत : आंतरराष्ट्रीय प्रतिनिधित्वासाठी नमुना १, राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा खेळल्यास नमुना २, आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी नमुना ३, राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी नमुना ४. स्पर्धा संपल्यावर मिळणारं रंगीत प्रमाणपत्र भिंतीला शोभतं; नोकरीच्या अर्जाला त्या नमुन्यातला, योग्य अधिकाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. सही त्याच वर्षी घ्या. पाच वर्षांनी संघटनेचे सचिव बदललेले असतात आणि जुनी यादी कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं.

दोन विद्यापीठांत नाव असेल तर आणखी एक प्रश्न : तुम्ही कुणाकडून खेळणार? आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू घेतो आणि तिथं नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी असावं लागतं. म्हणून जोडीतली वर्गातली पदवी अशा विद्यापीठात घ्या ज्याचा तुमच्या खेळाचा संघ खरोखर मैदानात उतरतो. जिवाजी विद्यापीठ असो की एलएनआयपीई, गेल्या दोन वर्षांत तुमच्या खेळाचा संघ कुठे गेला होता हे क्रीडा विभागात जाऊन विचारायला लाजू नका. आणि संयुक्त पदवीतलं परदेशी सत्र नेमकं आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या महिन्यांत येत असेल तर ते वर्ष खेळाचं गेलं असं समजा; हे आधी माहीत असलेलं बरं.

पायरी ७ : अनुभव गावातच मिळतो

यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. २४ फेब्रुवारी २०१० ला सचिननं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० केल्या ते कॅप्टन रूपसिंग स्टेडियम आपलंच. शंकरपूरच्या नव्या माधवराव शिंदे स्टेडियमवर ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत-बांगलादेश टी-ट्वेंटी सामना झाला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तिथं मध्य प्रदेश लीगही सुरू झाली. लीगच्या दिवसांत प्रवेशद्वारं, पाहुण्यांची व्यवस्था, धावफलक, समाजमाध्यमं, सगळीकडे माणसं लागतात. राज्याची महिला हॉकी अकादमी कंपूत आहे. खेलो इंडिया युवा स्पर्धा २०२३ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात झाल्या तेव्हा ग्वाल्हेरही एक केंद्र होतं. मल्लखांब २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्य खेळ आहे आणि त्याच्या स्पर्धांना गुणलेखनाची जाण असलेली तरुण मंडळी हवीच असतात.

स्वयंसेवक म्हणून जायचं तर काम मागून घ्या. 'काही असेल तर सांगा' म्हणणाऱ्याच्या हातात पाण्याच्या बाटल्यांचं खोकं येतं. 'मी गुणलेखन करते, मला दोन दिवस टेबलवर बसू द्या' म्हणणारीला टेबल मिळतं. संपल्यावर कामाचं नाव, तारखा आणि तास लिहिलेलं पत्र घ्या. बरीच विद्यापीठं आता इंटर्नशिपला क्रेडिट देतात. ते तुमच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेच्या) खात्यात जमा झाले का हे सत्र संपताच तपासा, कारण संयुक्त अभ्यासक्रमात एका विद्यापीठाचे क्रेडिट दुसऱ्याकडे पोचायला रखडतात आणि पाठपुरावा विद्यार्थ्यालाच करावा लागतो.

वर्षाची मांडणी

अकरावीच्या उन्हाळ्यात पायरी १ ची वही. बारावीच्या दिवाळीपर्यंत जोडी ठरवून पायरी २ आणि ३ चे प्रश्न ईमेलनं पाठवायचे. उत्तरं छापून एका फाइलमध्ये. जानेवारी ते मे प्रवेश परीक्षा. शारीरिक शिक्षणाच्या प्रवेशात लेखी परीक्षेबरोबर क्षमता चाचणी आणि खेळातलं कौशल्य बघतात, म्हणून बोर्डाच्या परीक्षेच्या काळातही धावणं पूर्ण बंद करू नका. रोज वीस मिनिटं पुरतात. पहिलं वर्ष एकाच पदवीवर काढा. दुसरी, ऑनलाइन असलेली, तिसऱ्या सत्रापासून जोडा. तोवर वसतिगृहाची, पहाटेच्या मैदानाची सवय झालेली असते आणि झेपतं किती याचा अंदाज आलेला असतो. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत कोचिंगचा पहिला परवाना, तिसऱ्या वर्षी लीग किंवा अकादमीतलं काम. परदेशी मास्टर्सचा विचार असेल तर पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या गणपतीतच दोन शिक्षकांना शिफारसपत्रासाठी गाठा आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागात ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा अर्ज टाका. मोहोरबंद पाकिटात पाच प्रती मागा, आणि पैसे भरल्याच्या पावतीवर तारखेचा शिक्का आहे ना ते खिडकीवरून हलण्याआधी बघून घ्या.